घरचा उद्योग, गावचा आधार

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणारा रस्ता अजिंठ्याचा घाट उतरून खाली आला की फर्दापूर लागते. सोयगाव तालुक्यातील हे गाव मराठवाड्याच्या उत्तर सीमेवर वसलेले असून, पुढे वाकोद-पहूरच्या बाजूने खानदेशास प्रारंभ होतो. प्रवाशांशी या गावाचा संबंध जुना आहे. मुघलकाळात येथे प्रवाशांसाठी सराई होती. १८१९ मध्ये कॅप्टन जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस वाघूर नदीच्या खोऱ्यातील लेणी पडली आणि पुढे जगभरच्या अभ्यासकांची पावले या बाजूस वळू लागली. १९८३ मध्ये युनेस्कोने अजिंठ्याची लेणी जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केली. त्यानंतर जपानच्या अर्थसाहाय्याने अजिंठा-वेरूळ जतन व पर्यटन विकास प्रकल्प हाती घेण्यात आला. लेण्यांपासून सुमारे ४ किलोमीटरवर, फर्दापूरच्या फाट्यावर खाजगी वाहने थांबविण्यात येऊ लागली. तेथून पुढे कमी प्रदूषण करणाऱ्या बसगाड्यांची व्यवस्था झाली आणि फाट्यावरच विक्रेत्यांसाठी दुकानांचे संकुल उभे राहिले.

अशा रीतीने देशोदेशीचा ग्राहक गावाच्या अगदी दाराशी येऊन ठेपला. फाट्यावरील दुकानांतून रंगीत स्फटिक, गारगोट्या, मण्यांच्या माळा, दगडी मूर्ती, चित्रांची पुस्तके अशा वस्तू मांडलेल्या दिसतात. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत तयार होणारे स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखे स्फटिक हे तर या भागाचे निसर्गदत्त वैशिष्ट्यच होय. परंतु परिसरातील घराघरांतून जे तयार होते, म्हणजे उन्हाळी वाळवण, ज्वारीचे बिबडे, शेवया, कुरडया, मसाले, लोणची, गोधड्या, शिवणकाम, त्याला या बाजारात मुख्य स्थान नाही. घाईत असलेला पर्यटक बसमधून उतरतो, लेणी पाहतो आणि पुन्हा बसमध्ये बसतो. गावात तो क्वचितच येतो. गृहिणीने घरी केलेली वस्तू आणि दाराशी आलेला हा ग्राहक यांच्यातील अंतर किलोमीटरमध्ये मोजले तर फारच थोडे आहे; व्यवहाराच्या दृष्टीने ते बरेच मोठे आहे.

सोमवारचा प्रश्न

अजिंठ्याची लेणी दर सोमवारी बंद असतात. फाट्यावरील व्यवहार त्या दिवशी थंडावतो. कडक उन्हाळ्यात पर्यटकांची वर्दळ ओसरते आणि पावसाळ्यापासून पुढे ती पुन्हा वाढते. ही चढउतार ठरलेली असल्याने तिच्याशी जुळवून घेता येते. २०२० साली मात्र जे घडले त्याची कल्पना कोणी केली नव्हती. कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये लेणी बंद करण्यात आली, ती थेट डिसेंबर महिन्यात उघडली. पुढच्या वर्षी एप्रिलच्या मध्यापासून सुमारे दोन महिने ती पुन्हा बंद राहिली. केवळ पर्यटकांवर विसंबून असलेल्या कुटुंबांचा चरितार्थ या काळात कोणत्या अवस्थेस आला असेल, हे वेगळे सांगावयास नको.

याच काळात राज्यातील महिला बचतगटांनी मोठ्या प्रमाणावर कापडी मुखपट्ट्या शिवून दिल्या. शिलाईयंत्रे तीच होती, हात तेच होते. बदलला होता तो ग्राहक. ग्रामपंचायती, स्थानिक कार्यालये आणि शेजारपाजारची कुटुंबे ही त्या वेळी गिऱ्हाइके झाली. घरगुती उद्योगाचा विचार करताना या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. दुरून येणारा ग्राहक अधिक पैसे देतो खरा, परंतु उद्योग तगून राहतो तो जवळच्या ग्राहकावर. फर्दापूरसारख्या गावात, जेथे सर्वांचे डोळे बसकडे लागलेले असतात, तेथे ही गोष्ट सहज नजरेआड होते.

घरगुती उद्योगाकडे जाहिरातीसाठी पैसा नसतो, दुकानासाठी जागा नसते आणि माल साठवून ठेवण्याची ऐपतही नसते. त्याच्याजवळ एकच भांडवल असते आणि ते म्हणजे ओळख. 'अमक्या घरची चकली खुसखुशीत असते', 'तमक्या बाईंनी शिवलेला परकर वर्षभर उसवत नाही', हे गावात तोंडोतोंडी पसरलेले मत कोणत्याही फलकापेक्षा प्रभावी ठरते. मात्र हे मत आपोआप सर्वदूर पोहोचते असे मानणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. ते आळीपुरते, भावकीपुरते, फार तर वाड्यापुरते राहते. त्यास संपूर्ण गावात आणि गावाबाहेर पोहोचविण्यासाठी शाळा, ग्रामपंचायत, ग्रामसंघ, उत्सव मंडळे यांची साथ लागते. स्थानिक सहभाग म्हणतात तो हाच.

गिरगावातील सात भगिनी

महाराष्ट्रातील या प्रकारचे सर्वांत बोलके उदाहरण शहरातील आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी पापड लाटावयास घेतले. छगनलाल पारेख यांजकडून ८० रुपये उसने घेण्यात आले होते. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली आणि ती भुलेश्वर येथील एका ओळखीच्या व्यापाऱ्यास देण्यात आली. पुढे 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' या नावाने देशभर पसरलेल्या संस्थेचा हा आरंभ होय. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. संस्थापक भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या संस्थेच्या यशाची कथा अनेकदा सांगितली जाते, परंतु आरंभीच्या वर्षांतील बारीकसारीक गोष्टी अधिक उपयुक्त आहेत. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी भगिनींनी एक बाज आणि एक स्टोव्ह आणला. बाजेवर पापड आणि खाली स्टोव्ह, अशी साधी युक्ती योजून पावसाळ्यातही काम सुरू राहिले. प्रारंभी दोन प्रतींचे पापड केले जात. एक चांगला आणि एक स्वस्तातला. पारेख यांनी सल्ला दिला की, एकच उत्तम प्रत ठेवावी आणि तिच्याशी कधीही तडजोड करू नये. देणगी मागावयाची नाही, असाही निश्चय त्या भगिनींनी केला होता. संस्थेचा प्रसार सुरुवातीस झाला तो मुख्यतः एकीने दुसरीस सांगून आणि देशी भाषांतील वृत्तपत्रांत आलेल्या मजकुरामुळे.

कामाची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. पीठ केंद्रावर एकाच मापाने मळले जाते. सभासद भगिनी ते घरी नेतात, लाटतात, वाळवितात आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून देतात. त्यामुळे काम घरोघर विखुरलेले असले तरी चव एकच राहते. एखादीच्या घरी लाटण्यास पुरेशी स्वच्छ जागा नसेल तर तिला मळण्याचे किंवा पाकिटे भरण्याचे काम देता येते. घरगुती उद्योग म्हणजे प्रत्येकीने आपापल्या घरात आपापल्या परीने काहीतरी करणे, अशी समजूत रूढ आहे. तिच्या जागी 'काम घरात, माप सामाईक' ही कल्पना रुजली, तर गावातील दहा घरांचा माल एका नावाने बाजारात जाऊ शकतो.

गावातील संस्था ग्राहक म्हणून

फर्दापूरसारख्या गावात सर्वांत मोठा स्थानिक ग्राहक कोण, याचा विचार केला तर उत्तर अनपेक्षित वाटेल. शाळा आणि अंगणवाडी हे ते ग्राहक होत. ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाड्यांतील आहारपुरवठ्यासाठी कंत्राटदार न नेमता ग्रामसमुदाय, बचतगट व महिला मंडळे यांचे साहाय्य घ्यावे, असा आदेश दिला. शाळांमधील आहार शिजविण्याचे कामही राज्यात अनेक ठिकाणी महिला बचतगटांकडे सोपविण्यात आलेले आहे. या कामाचा मोबदला मोठा नसतो आणि तो वेळेवर न मिळाल्याच्या तक्रारी अधूनमधून ऐकू येतात. तरीही वर्षातील बहुतेक दिवस चालणारे आणि गावाच्या नजरेसमोर होणारे हे काम आहे. ज्या गटाच्या हातचे जेवण गावातील मुले रोज जेवतात, त्या गटाचा मसाला विकत घेताना कोणी फारशी चौकशी करीत नाही.

शालेय गणवेशाचे उदाहरण मात्र वेगळ्या कारणासाठी ध्यानात घ्यावे लागेल. २०२४-२५ या वर्षी राज्यात 'एक राज्य, एक गणवेश' ही योजना राबविण्यात आली. कापड मध्यवर्ती खरेदीतून आले आणि शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळाशी संलग्न बचतगटांमार्फत करून घेण्याचे ठरले. बचतगटांना काम मिळावे हा हेतू स्वागतार्हच होता. प्रत्यक्षात गणवेश उशिरा मिळाल्याच्या आणि मापे न जुळल्याच्या तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. शिवणारे हात कमी कुशल होते, असा याचा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. ज्या मुलाचे माप, ते मूल शिवणाऱ्या बाईसमोर उभेच नव्हते. गावातील बाई गावातील मुलाचे माप घेते, कपडा आखूड झाला तर दुसऱ्या दिवशी तो उसवून देते आणि चूक राहिली तर मुलाची आई पाणवठ्यावर तिला गाठते. असा हिशेब मागण्याची सोय दूरच्या ग्राहकाला नसते. आता निर्णयाचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीकडे परत आलेला असल्याने, गावातच शिवून घेता येईल का याचा विचार मुख्याध्यापक व समितीचे सदस्य यांनी शाळा सुरू होण्यापूर्वी पुरेसा अवधी राखून करावयास हवा.

शिक्षकांना आणखी एक गोष्ट सहज करता येण्याजोगी आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांतून बाल आनंद मेळावा भरविण्यात येतो. मुले घरून पदार्थ करून आणतात, भाजीपाला मांडतात आणि पैशांचा व्यवहार शिकतात. पालक कौतुकाने खरेदी करतात. याच मेळाव्यात एका बाजूस गावातील घरगुती उत्पादकांना चार टेबले मांडू दिली, तर एका दुपारी जवळजवळ प्रत्येक घरातील कोणी ना कोणी त्यांचा माल पाहून जाते. चव घेतलेला ग्राहक परत येतो की नाही, हे आठवडाभरात कळते. यासाठी शाळेला एक पैसाही खर्च येत नाही.

सणवार आणि वाण

गावाचे व्यवहार पंचांगाने बांधलेले असतात आणि घरगुती उद्योगाने आपले वेळापत्रक त्यावर बसविले तर विक्री सोपी होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे समारंभ चालतात. वाण म्हणून अलीकडे बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या डब्या, चाळण्या आणि तत्सम वस्तू वाटल्या जातात. त्या शहरातून घाऊक दराने आणलेल्या असतात आणि बहुधा पुढच्या संक्रांतीपर्यंत टिकतही नाहीत. त्याऐवजी गावातच तयार केलेली तिखटाची वा मेतकुटाची लहान पुडी, कापडी पिशवी किंवा गोधडीकामाचे बसकर वाण म्हणून देण्याचे चार घरांनी जरी ठरविले, तरी उत्पादकास एका पंधरवड्यात शेकडो घरांत नमुना पोहोचविता येतो. शहरातील मोठ्या कंपन्या नमुने वाटण्यासाठी लाखो रुपये खर्च करतात. येथे नमुन्याची किंमतही वसूल होते!

गणेशोत्सवातील महाप्रसाद, लग्नसराईतील रुखवत, आखाजीसाठी माहेरी येणाऱ्या लेकी, गावची जत्रा आणि आठवडी बाजार हे असेच प्रसंग होत. रुखवताकडे विशेष लक्ष देण्यासारखे आहे. पूर्वी वाळवण, लाडू, विणकाम हे सारे वधूच्या घरी होत असे. आता हाताशी वेळ नसल्याने ते विकत आणले जाते. मागणी आहे तशीच आहे, काम मात्र घराबाहेर गेले आहे. ते निदान गावाबाहेर जाऊ नये.

ग्रामपंचायतीचे काम

७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांची यादी आहे. अन्नप्रक्रियेसह लघुउद्योग, खादी व ग्रामोद्योग, तसेच बाजार व जत्रा हे विषय तीत समाविष्ट आहेत. म्हणजे घरगुती उद्योगास साथ देणे ही पंचायतीची मेहेरबानी नसून ते तिचे काम आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाची १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. हा निधी अनेकदा ठरावीक वस्तूंच्या खरेदीत संपतो. त्यातून वाळवणासाठी जाळीचे सामाईक छप्पर, पाकिटे बंद करण्याचे यंत्र, वजनकाटा अशी साधने घेता येतील काय, हे नियम पाहून ग्रामसभेत ठरविणे शक्य आहे. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद आहेच. तिची नोंद केवळ कागदावर न राहता तीत खरोखर काय लागते हे विचारले गेले, तर यंत्र येऊन धूळ खात पडण्याचा प्रसंग टळतो.

पैशाहूनही अधिक मोलाची गोष्ट म्हणजे जागा. आठवडी बाजारात मोक्याच्या जागा जुन्या व्यापाऱ्यांच्या वहिवाटीत असतात. घरगुती उत्पादक स्त्री कोपऱ्यात, उन्हात किंवा गटाराच्या कडेला बसते. बाजाराच्या प्रवेशाजवळ एक ओटा गावातील उत्पादकांसाठी राखून ठेवणे, त्यावर त्यांना पाळीपाळीने बसविणे आणि पहिल्या वर्षी बाजारफी न घेणे, एवढ्याने पुष्कळ काही साधते.

पाळीचा नियम मात्र कटाक्षाने पाळावा लागतो. पंचायतीच्या मर्जीतील एकाच गटास सर्व कामे मिळू लागली की उरलेले गट दूर होतात आणि ज्या विश्वासावर हा सारा व्यवहार उभा आहे तोच खचतो. गावाच्या कडेला असलेल्या वस्त्यांतील स्त्रियांचा माल, विशेषतः खाद्यपदार्थ, गावात कोण घेते आणि कोण घेत नाही, हा प्रश्नही टाळून चालणार नाही. एकाच मापाने, एकाच नावाने, सामाईक जागेत तयार झालेल्या मालाला ही अडचण कमी भेडसावते. म्हणूनही सामाईक केंद्राची निकड आहे.

हिशेब आणि उधारी

गावाच्या साथीला एक दुसरी बाजूही आहे. ओळखीच्या ग्राहकास नाही म्हणता येत नाही आणि तो मागतो ती उधारी असते. 'सुगी झाली की देतो' हे वाक्य ऐकून बंद पडलेले उद्योग थोडेथोडके नाहीत. यावर बचतगटांनी काही ठिकाणी काढलेला मार्ग असा की, उधारी देण्याचा अधिकार एकटीकडे ठेवावयाचाच नाही. 'गटाचा नियम आहे' असे सांगितल्याने नातेही राखले जाते आणि रोखीचा व्यवहारही होतो.

दुसरी चूक हिशेबातील असते. समजा, दोघींनी दिवसभर खपून पापड केले. डाळ, मसाला, तेल आणि इंधन यांवर ६०० रुपये खर्च झाले आणि माल ९०० रुपयांस विकला गेला. ३०० रुपये नफा झाला, असे दोघी मानतात. वस्तुतः प्रत्येकीच्या वाट्यास १५० रुपये आले, तेही तिच्या दिवसभराच्या मजुरीचे. नफा असा काहीच झाला नाही. आता हाच माल फाट्यावरील दुकानात ठेवावयाचा आणि दुकानदाराने विक्रीच्या किमतीवर पाचवा हिस्सा मागितला, तर १८० रुपये त्याच्याकडे जातात आणि दोघींना मिळून १२० रुपये उरतात. किंमत न वाढविता दूरच्या बाजारात जाण्याचा अर्थ हा असा आहे. गावात थेट विकताना हा हिस्सा वाचतो. त्या बचतीच्या आधारावर मालाची प्रत आणि बांधणी सुधारून, योग्य किंमत लावून मग फाट्यावर जाणे अधिक शहाणपणाचे ठरते.

खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसाठी अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी आवश्यक आहे, मग उद्योग घरातला का असेना. पाकिटावर पदार्थाचे व उत्पादकाचे नाव, घटक, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख आणि नोंदणी क्रमांक असावयास हवा. गावात या गोष्टी कोणी विचारीत नाही, परंतु पर्यटक पाकीट उलटून पाहतो. नोंदणी, कर्जप्रकरण, प्रशिक्षण यांसाठी 'उमेद' अभियानाचे ग्रामसंघ व प्रभागसंघ, १९७५ पासून कार्यरत असलेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र यांचे मार्गदर्शन मिळू शकते. बचतगटांच्या मालासाठी मुंबईत भरणारे 'महालक्ष्मी सरस' हे प्रदर्शनही परिचित आहे. तेथवर पोहोचणारे गट बहुधा आपल्या तालुक्यात आधी नावारूपास आलेले असतात.

पाहुणा गावात आणावयाचा तर

आता पुन्हा फाट्यावरील पर्यटकाकडे वळता येईल. त्याला गावात आणण्याचे काम एकटे घर करू शकत नाही. ते गावालाच करावे लागते. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' सुरू झाले. राज्य मराठी विकास संस्थेने पुस्तके पुरविली आणि गावकऱ्यांनी आपल्या घरांतील खोल्या, ओसऱ्या वाचकांसाठी मोकळ्या केल्या. प्रारंभी २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तके ठेवण्यात आली होती. महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणारा प्रवासी वाट वाकडी करून भिलारला थांबू लागला. तो थांबला की चहा घेतो, स्ट्रॉबेरी घेतो, एखादी रात्र मुक्काम करतो. येथे विक्रीस काढलेली पहिली वस्तू पुस्तक नव्हते आणि स्ट्रॉबेरीही नव्हती. अनोळखी माणसाला घराचा उंबरठा ओलांडू देण्याची गावाची तयारी ही ती वस्तू होती. पुढे ही योजना ज्या गावांत नेण्याचे ठरले त्यांत याच जिल्ह्यातील वेरूळचा समावेश आहे. फर्दापूरकरांना ती पाहण्यासाठी फार दूर जावयास नको.

अकोले तालुक्यातील पुरुषवाडीत काजव्यांच्या हंगामात येणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था घरोघर पाळीने केली जाते. कोणा एकाच्या घरी गर्दी आणि शेजारी रिकामा, असे होऊ नये हा त्यामागील हेतू. फर्दापूर परिसरात पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे, खाजगी हॉटेलेही आहेत. त्यांच्याशी बरोबरी करण्याचे कारण नाही. दगडी चुलीवरची कळण्याची भाकरी, ठेचा आणि खानदेशी वांग्याचे भरीत हॉटेलच्या भोजनगृहात क्वचितच मिळते. असे जेवण देणारी पाच-सहा घरे गावाने ठरवावीत, त्यांच्या स्वच्छतेची पाहणी ग्रामसंघाने करावी आणि फाट्यावर सर्वांचा मिळून एक फलक लावावा. वाहनचालक, मार्गदर्शक, दुकानदार यांनी पाहुण्यास त्या घराची वाट दाखविली तरच तो पोहोचेल. त्यांना वगळून केलेली योजना चालणार नाही, कारण पर्यटक प्रथम त्यांनाच विचारतो.

राहत्या घरातील मोजक्या खोल्या पाहुण्यांना देण्याची 'निवास व न्याहारी' योजना राज्यात आहे. २०२३ मध्ये शासनाने 'आई' हे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाची विहित मर्यादेत प्रतिपूर्ती होते. मात्र हप्ते वेळेवर भरावे लागतात. म्हणून सोमवारी आणि मे महिन्यात उत्पन्न कोठून येणार याचा हिशेब आधी मांडलेला बरा. तेथे पुन्हा गावातील शाळा, बाजार आणि लग्नघरे हीच उपयोगी पडतात.

कामाचा आरंभ कोणत्या महिन्यात करावा, यालाही महत्त्व आहे. नवा उडीद बाजारात येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास. वाळवण घातले जाते उन्हाळ्यात आणि तोपर्यंत डाळीचे भाव बहुधा चढलेले असतात. एकट्या गृहिणीस डाळ आगाऊ घेऊन ठेवणे परवडत नाही. ग्रामसंघाने गटांच्या अंतर्गत कर्जातून ती दिवाळीतच एकत्र खरेदी केली आणि कोणत्या घराला किती पापड, किती कुरडया लागतील याची नोंद संक्रांतीच्या हळदीकुंकवात करून घेतली, तर फाल्गुनात पहिली बाज उन्हात टाकण्यापूर्वीच निम्म्या मालाचा ग्राहक ठरलेला असतो. उरलेला निम्मा माल फाट्यावर न्यावा.